सूत जमले का?

मराठी भाषेला सुताचे विलक्षण वेड आहे. दोन माणसांचे पटले की आपण म्हणतो, त्यांचे सूत जमले. कुणी एवढ्याशा खुणेवरून मोठा तर्क बांधला की तो सुतावरून स्वर्ग गाठतो. गुन्ह्याचे धागेदोरे सापडतात, पोलीस गाव पिंजून काढतात, माणसे संसारात गुंततात आणि सुंभ जळला तरी पीळ काही जळत नाही. बोलण्याची तर गोष्टच नको! एखादीचे तोंड थांबेनासे झाले की तिची टकळी चालू आहे म्हणावयाचे, आणि एखाद्याने तेच ते लांबवले की तो चऱ्हाट वळतो आहे म्हणावयाचे. 'सूतोवाच' हा शब्द तेवढा ह्या घराण्यातला नव्हे. तो पुराणे सांगणाऱ्या सूतांचा. बाकीचे बहुतेक कापूस, लोकर आणि वाख ह्यांच्या कुळातले.

हे वाक्प्रचार मी गेली वीस वर्षे कॉलेजात शिकवते आहे. ह्या जूनमध्ये एका मुलीने सरळ विचारले, "मॅडम, टकळी म्हणजे नेमके काय?" मी फळ्यावर चित्र काढून दाखवले. खाली पितळेची चकती, मधून उभी बारीक सळई, सळईच्या टोकाला धागा अडकवण्यापुरती खाच. मुलगी चिकित्सक निघाली. ती म्हणाली, "पण कापसाचा धागा होतो कसा?" आता हे काही चित्रात दाखवता येणारे नव्हते. हातात टकळी घेऊनच दाखवावयास हवे होते. आणि त्यासाठी आधी ती आपल्याला चालवता यावयास हवी होती. तोंडाची नव्हे, पितळेची.

आमच्या शहरात रविवारी सकाळी एक कताईवर्ग भरतो. त्यात मी नाव घातले. वर्गात आम्ही नऊ जण : बँकेतून निवृत्त झालेले दोघे, एक दातांचे डॉक्टर, संगणकाच्या कंपनीत काम करणाऱ्या तीन मुली, एक आजी आणि त्यांचा नातू, आणि मी. घरी ही वार्ता सांगितली तेव्हा आमच्या ह्यांनी वर्तमानपत्रातून डोके वर न काढता निकाल दिला, "म्हणजे मला आता घरच्या सुताचा सदरा मिळणार तर!"

"मिळेल की," मी म्हटले.

कन्यारत्न म्हणाले, "आई, तीनशे रुपयांत टॉप घरपोच येतो. तोही दोन दिवसांत."

सासूबाई तेवढ्या काही बोलल्या नाहीत. त्यांचे वय ब्याऐंशी. पहिल्या रविवारी मी टकळी घेऊन घरी आले, तेव्हा त्या देवघरासमोर वाती वळीत बसल्या होत्या. त्यांनी हात पुढे केला. म्हणाल्या, "आण बघू इकडे." आणि चिमटीत सळई धरून त्यांनी टकळीला अशी गिरकी दिली की ती जमिनीवर भोवऱ्यासारखी उभी राहिली आणि डाव्या हातातल्या पेळूतून हातभर धागा सरसर बाहेर आला!

"आई, तुम्हाला येते हे?"

"न यायला काय झाले? शाळेत टकळीचा तास असायचा आम्हाला. गुरुजी तार मोजून वहीत मांडायचे."

खरेच आहे ते. १९३७ साली वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि हातउद्योगातून शिक्षण द्यावे हा विचार गांधीजींनी तेथे मांडला. पुढे स्वातंत्र्यानंतरच्या काही वर्षांत आपल्याकडच्या अनेक प्राथमिक शाळांतून टकळी आली. आज पंच्याहत्तरीच्या पुढचे कुणी तुमच्या घरात असेल तर विचारून पाहा. बोटे अजून विसरली नसतील. सत्तर वर्षे होऊन गेल्यावर सासूबाईंची विसरली नव्हती. एकूण काय, रविवारी वर्गात जावयाचे आणि सोमवार ते शनिवार घरच्या गुरूपुढे बसावयाचे, असा माझा अभ्यासक्रम ठरला.

त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर आधी देऊन टाकते. ते तुम्हीही घरी पडताळून पाहू शकता. दिवाळीच्या वातींसाठी आणलेला कापूस घरात असेलच. त्यातली चिमूटभर बोंद घ्या आणि दोन्ही हातांनी ओढा. मऊपणे सुटून येईल. काही जोर लागणार नाही. आता तेवढाच कापूस हलके लांबवून त्याला बोटांनी चांगला पीळ द्या आणि मग ओढा. तुटता तुटणार नाही. कापूस तोच, वजन तेच; वाढला तो फक्त पीळ. कापसाचा एकेक तंतू जेमतेम इंच-सव्वा इंचाचा, आपल्या देशी वाणाचा तर त्याहूनही आखूड. पिळामुळे हे आखूड तंतू एकमेकांवर आवळले जातात. धागा जितका ताणावा तितके ते एकमेकांना अधिक घट्ट धरतात. त्यात गोंद नाही की गाठ नाही. इंचभर तंतूंचा मैलभर धागा होतो तो केवळ ह्या आवळून धरण्यावर. पीळ कमी पडला तर धागा सुटतो, जास्त झाला तर त्याला आढ्या पडतात आणि तो स्वतःभोवतीच वेटाळू लागतो. तेव्हा 'सूत जमणे' म्हणजे नुसते जवळ येणे नव्हे, बेताचा पीळ बसणे, हे मी आता वर्गात अधिक अधिकाराने सांगते!

टकळीवरून आम्ही पेटी चरख्यावर आलो. १९३० साली येरवड्याच्या तुरुंगात असताना गांधीजींनी ह्या चरख्याला रूप दिले, म्हणून त्याला येरवडा चक्र असेही नाव पडले. मिटला की पुस्तकासारखा काखेत मारून नेता येतो. उघडला की आत दोन चाके, एक मोठे आणि एक लहान. मोठ्या चाकाने लहान फिरते, लहान चाकावरच्या माळेने चाती फिरते. मोठ्या चाकाचा एक फेरा झाला की चातीचे कितीतरी फेरे होतात. उजव्या हाताने चाक फिरवावयाचे आणि पेळू धरलेला डावा हात त्याच लयीत मागे न्यावयाचा. हात पुढे धावला तर धागा बारीक होऊन तुटतो, रेंगाळला तर दोरखंड होतो. आमच्या वर्गात डॉक्टरांचा धागा सर्वांत आधी सरळ आला. नातवाचा आजीच्या आधी आला. माझा श्रावणात आला.

कातण्याच्या अलीकडे किती कामे असतात हेही तेथेच कळले. बोंडातला कापूस वेचावयाचा, सरकी काढावयाची, मग पिंजावयाचा. धनुकलीची तात कापसात झणझणू लागली की एकेक तंतू मोकळा होतो आणि कचरा खाली पडतो. पोलिसांनी गाव पिंजून काढले ह्याचा अर्थ मला त्या दिवशी दिसला. पिंजलेल्या कापसाचे पेळू वळावयाचे, आणि मग कातणे. 'कातणे' आणि 'कातरणे' ही जोडीही गमतीची. दोन्हींच्या मुळाशी संस्कृतातला 'कृत्' धातू आहे. धातुपाठात तो दोनदा येतो, एकदा कापणे ह्या अर्थी आणि एकदा वेढणे ह्या अर्थी. एका घरात एक भाऊ जोडणारा आणि एक तोडणारा असावा, तसे हे.

मोहेंजोदडोच्या उत्खननात चांदीच्या भांड्याला चिकटलेला सुती कापडाचा तुकडा सापडला होता. म्हणजे चारेक हजार वर्षांपूर्वी ह्या देशात कुणीतरी बेताचा पीळ देत बसले होते. इतकी जुनी विद्या घराघरांतून गेली कशी? मुंबईत कावसजी दावरांच्या गिरणीची स्थापना १८५४ साली झाली आणि १८५६ साली ती चालू झाली. नागपुरात १८७७ साली जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल उभी राहिली. विलायती सूत त्याच्या आधीपासून येतच होते. गिरणीच्या सुतापुढे आधी हरली ती कातणारी. विणकर टिकला, कारण त्याने गिरणीचे सूत मागावर घेतले. कातणारी ही बहुधा घरातली बाई. तिचे काम गेले त्याची कुठे नोंदही नीट झाली नाही.

ती किती पुसली गेली होती ह्याचा दाखला गांधीजींच्या आत्मचरित्रातच आहे. 'हिंद स्वराज्य' लिहिले तेव्हा आपण चरखा पाहिल्याचे आठवत नाही, असे ते सांगतात. आश्रमात माग आले, विणणे सुरू झाले. पण सूत गिरणीचे. कातणारे माणूस मिळेना. शेवटी गंगाबेन मजमुदार ह्या बाईंनी गुजरातभर शोध घेतला, तेव्हा बडोदे संस्थानातल्या विजापूरला लोकांच्या माळ्यावर टाकून दिलेले चरखे सापडले. ज्या चरख्याने पुढे देश हलवला तो असा अडगळीतून काढावा लागला.

आता सदऱ्याकडे येऊ. श्रावण संपला तरी सदऱ्याचे चिन्ह दिसेना, तेव्हा ह्यांनी पेन्सिल घेऊन हिशेब मांडला. बँकेतली माणसे कापसाकडेही ताळेबंदाच्या नजरेने पाहतात. एका सेंटिमीटरमध्ये उभे सोळा धागे आणि आडवे सोळा धागे असे साधे कापड धरा. एक मीटर लांब, एक मीटर रुंद तुकड्यात मीटरमीटरचे सोळाशे धागे उभे आणि सोळाशे आडवे. म्हणजे बत्तीसशे मीटर सूत. सदऱ्याला सव्वादोन मीटर कापड धरले तर बहात्तरशे मीटर!

"एका सदऱ्यात सात किलोमीटरांच्यावर सूत?" ह्यांनी स्वतःच्या बाहीकडे पाहत विचारले. जणू ती बाही दुसऱ्या कुणाची होती.

सराईत हात पेटी चरख्यावर तासाला तीनशे-चारशे मीटर काततो. माझा हात बरा वळू लागल्यावरही दोनशेच्या पुढे जात नाही. म्हणजे सदऱ्याचे नुसते सूत काढावयास मला छत्तीस तास. त्यात पिंजणे नाही, विणणे नाही, शिवणे नाही. कन्या शेजारी बसून ऐकत होती. ती हळूच म्हणाली, "मग तीनशे रुपयांत कुणाकुणाचे भागते?"

हा प्रश्न मनात घेऊनच मी ऑगस्टमध्ये एका चर्चासत्रासाठी वर्ध्याला गेले. तेथील मगन संग्रहालय पाहिले. मगनलाल गांधींच्या नावाचे हे संग्रहालय गांधीजींनी १९३८ च्या डिसेंबरात उघडले. तेथले चरखे पाहताना जाणवते की ह्या एका धाग्यासाठी माणसांनी केवढे डोके चालवले आहे. दुसऱ्या दिवशी त्याच भागातल्या एका कताई केंद्रात गेले. तेथे पेटी चरखा नव्हता. एकंबरनाथांच्या अंबर चरख्याच्या वंशातले आठ-आठ चात्यांचे चरखे होते. एक दांडा फिरवला की आठ धागे एकदम निघतात. माझ्याच वयाच्या एका बाईंपाशी मी बसले. मलाही थोडे कातता येते हे ऐकून त्यांना मोठी मौज वाटली.

"तुमाले काहाले पायजे जी हे?" त्यांनी विचारले.

"शिकावेसे वाटले," मी म्हटले. "पण फार तुटतो हो धागा."

त्या हसल्या, आणि हात न थांबवता म्हणाल्या, "बाई, तुमचा धागा तुटला तं तुमी हासता. आमचा तुटला तं गुंडी मांगं रायते."

गुंडी म्हणजे हजार मीटर सुताची लड. मजुरी गुंडीवर मिळते. खादी आयोगाने १ एप्रिल २०२५ पासून गुंडीमागची मजुरी साडेबारा रुपयांवरून पंधरा रुपये केली. ह्यांच्या सदऱ्याचे बहात्तरशे मीटर म्हणजे सात गुंड्या आणि वर थोडे. कातणाराच्या वाट्याला सुमारे एकशे आठ रुपये. आठ चात्यांमुळे हे काम रोजगार तरी होते. माझ्या एका चातीच्या चरख्यावर पाच तासांना एक गुंडी पडते. म्हणजे तासाला तीन रुपये! मला कातणे परवडते ते मला पगार दुसरीकडे मिळतो म्हणून, एवढे ह्या आकड्यावरून स्वच्छ दिसते.

हा प्रश्न आजचा नाही. स्वस्त खादी की पोटापुरती मजुरी, ह्यावर १९३५ साली चरखा संघात मोठा खल झाला होता. आठ तासांच्या कामाला आठ आणे मिळावेत अशी गांधीजींची इच्छा. तेवढे झेपणारे नव्हते. पण निर्वाहापुरती किमान मजुरी दिलीच पाहिजे हे तत्त्व संघाने स्वीकारले, मग खादी महाग झाली तरी चालेल. त्याच दशकात वर्ध्याजवळ नालवाडीला विनोबांनी सूत कातून मिळणाऱ्या मजुरीतच आपला निर्वाह करून पाहिला. कातणारीला जे पुरत नाही ते आपल्याला पुरते का, हे त्यांनी स्वतःच्या पोटावर तपासले. आपण मध्यमवर्गीय माणसे दुकानात उभी राहून 'खादी हल्ली फार महाग झाली' असे म्हणतो, तेव्हा त्या वाक्याच्या दुसऱ्या टोकाला कोण बसले आहे हे मला आता दिसते. ती बाई हात न थांबवता बोलते.

थोडे व्यवहाराचेही सांगावयास हवे. ह्या सदराच्या वाचक भगिनी नाहीतर रागावतील. हातमागाचे कापड आणि खादी ह्या दोन गोष्टी एक नव्हेत. हातमागाचे कापड हाताने विणलेले असते, पण त्याचे सूत बहुधा गिरणीचे असते. खादी म्हणजे सूतही हाताने कातलेले आणि कापडही हातमागावर विणलेले. २०१३ साली खादी मार्कचे नियम आले. घेताना ते चिन्ह पाहावे. विणकराचे श्रम दोन्हीत आहेत, म्हणून हातमागाला कमी लेखू नये. एवढेच की आपण काय घेतो आहोत ते ठाऊक असावे. कुणाला शिकावेसे वाटले तर टकळीपासूनच सुरुवात करा. ती स्वस्त असते, जागा अडवत नाही आणि पीळ म्हणजे काय ते बोटांना शिकवते. पेळू खादी संस्थांत मिळतात. कातलेले सूत फाळक्यावर गुंडाळून, बांधून पाण्यात भिजवून वाळवावे, पीळ बसतो.

कापसाचेच कशाला, घोंगडीचेही तसेच. आपल्या माळरानावरच्या दख्खनी मेंढीची काळी, राठ लोकर धनगरांच्या घरच्या बायका कातीत. सनगर खड्ड्यातल्या मागावर ती विणीत आणि चिंचोक्याची खळ देऊन घोंगडी ताठ करीत. पाऊस, थंडी, अंथरूण, पांघरूण सगळ्याला एकच वस्त्र. आता स्वस्त कृत्रिम ब्लँकेटे आली आणि ह्या राठ लोकरीला कित्येक ठिकाणी गिऱ्हाईकच उरले नाही. ते ब्लँकेट प्रत्येक धुण्यात प्लॅस्टिकचे बारीक तंतू पाण्यात सोडते, आणि ते काही कुजत नाहीत. घोंगडी फाटली तर मातीला मिळते. कापूस तरी निर्दोष आहे असे नव्हे. त्याच्या शेतीत पाणी आणि औषधे किती जातात हे विदर्भातल्या शेतकऱ्याला विचारावे. म्हणून 'कोणते कापड चांगले' ह्याचे एका शब्दात उत्तर देण्याच्या फंदात मी पडत नाही. जे घेतले ते पुष्कळ दिवस वापरावे, फाटले तर शिवावे, हे मात्र चारही बाजूंनी खरे ठरते. आमच्या आज्या जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवीत, तेव्हा त्यांना हे कुणी शिकवले नव्हते. त्यांच्या लहानपणी कापड मिळवणे कठीण होते, एवढाच त्यांचा धडा.

आमच्या घरात ह्या सुताने काय केले म्हणाल, तर क्रांती केली नाही. कन्येचा तीनशे रुपयांचा टॉप आला आणि ती तो घालतेही. पण गेल्या महिन्यात तिने ओढणीचा फाटका कोपरा रफू करून घेतला आणि रफूवाल्याशी पैशांवरून हुज्जत घातली नाही. मी शेजारीच उभी होते. सासूबाईंना संध्याकाळी अर्धा तास टकळी लागते. त्यांचे सूत माझ्यापेक्षा बारीक आणि सारखे असते, आणि ते तसे आहे हे त्या दिवसातून एकदा तरी ऐकवतात. वाती वळता वळता मध्येच हात थांबवून कापूस बोटांत चोळून पाहतात. म्हणतात, "हा कातायला नको, वातीलाच बरा."

सदऱ्याची प्रगती अशी : लागणाऱ्या सात गुंड्यांपैकी चार तयार आहेत, त्यातली एक सासूबाईंची. ह्यांनी ताळेबंद पाहून सवलत जाहीर केली आहे की बाह्या अर्ध्या असल्या तरी चालतील. विणकर शोधावयाचा आहे. त्याची मजुरी तो सांगेल ती देणार, हे ह्यांनी न विचारता कबूल केले आहे. सदरा कसा झाला ते पुढच्या दिवाळीला कळवीन. तोवर वाचकहो, दिवाळीची खरेदी कराल तेव्हा नव्या कापडाचा एखादा सुटलेला धागा बोटांत धरून उलगडून पाहा. कुणीतरी, कुठेतरी, त्याला पीळ दिला आहे.